राइट फील्ड ही खरोखरच कच्च्या खेळाडूची जागा असते का?

हडसनकाठ

नमस्कार. आम्ही गेली अकरा वर्षे न्यू जर्सीत राहतो. माझा मुलगा दहा वर्षांचा आहे आणि यंदाच्या वसंतात तो प्रथमच मुलांच्या बेसबॉल संघात खेळू लागला. मी स्वतः लहानपणी खेळलो ते क्रिकेट, तेही सोलापुरात, टेनिसच्या चेंडूने. बेसबॉल मी टीव्हीवर आवडीने पाहतो, परंतु त्यातले बारकावे मला अजून नीट उमगलेले नाहीत, म्हणून इथल्या जाणकारांना विचारत आहे.

आतापर्यंत पाच सामने झाले आणि पाचही सामन्यांत मुलाला राइट फील्डला, म्हणजे बॅटरच्या बाजूने पाहता मैदानाच्या उजव्या अंगाला दूरवर, उभे केले गेले. या पाच सामन्यांत मिळून त्याच्याकडे चेंडू आला तो केवळ चार वेळा, आणि त्यातही तीन वेळा तो आधीच दुसऱ्या कोणाच्या हातून सुटून घरंगळत आलेला होता. मागच्या शनिवारी घरी परतताना गाडीत त्याने मला विचारले, "बाबा, राइट फील्डला सगळ्यात कच्च्या मुलालाच उभं करतात ना?" संघातल्याच एका मुलाने त्याला तसे सांगितले होते. मला काय उत्तर द्यावे ते सुचले नाही, आणि खोटी समजूत घालणे मनाला पटेना.

माझा गोंधळ असा आहे की हीच जागा मी न्यूयॉर्क यँकीज या व्यावसायिक संघाच्या सामन्यांत पाहतो तेव्हा तिथे आरॉन जज उभा असतो, आणि त्याच्या फेकीचे समालोचक भरभरून कौतुक करत असतात. एकच जागा लहान मुलांच्या खेळात सर्वांत दुबळ्यासाठी आणि मोठ्यांच्या खेळात सर्वांत बलवान हातासाठी कशी काय असू शकते? आणि चेंडू येत नाही तेव्हा राइट फील्डरने नेमके काय करायचे असते? आमच्या संघाचे प्रशिक्षक स्वयंसेवक आहेत, दिवसभराची नोकरी आटोपून मैदानावर येतात, त्यामुळे त्यांच्याकडे तक्रार घेऊन जावे असे मला वाटत नाही. परंतु मुलाचा उत्साह ओसरताना दिसतो आहे आणि ते मला बघवत नाही.

मैदानमित्र

मी शिकागोजवळच्या एका उपनगरात सहा वर्षे लहान मुलांच्या संघांना शिकवायला मदत केली, त्या अनुभवावरून लिहितो.

तुमच्या मुलाने जे विचारले ते या वयोगटात बऱ्याच अंशी खरे आहे, आणि त्याच्यापासून ते लपवू नये, कारण मुलांना अशा गोष्टी आपल्या आधी कळलेल्या असतात. मात्र त्यामागचे कारण त्याला समजावून सांगावे. बहुतेक मुले उजव्या हाताने बॅटिंग करतात. उजव्या हाताच्या बॅटरने बॅट वेळेवर किंवा किंचित लवकर फिरवली की चेंडू त्याच्या डावीकडे, म्हणजे थर्ड बेस, शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) आणि लेफ्ट फील्ड यांच्या दिशेने जातो. (बेस म्हणजे रनरने क्रमाने गाठायचे थांबे: फर्स्ट, सेकंड, थर्ड आणि शेवटी बॅटर उभा असतो ती होम प्लेट.) तो उजवीकडे जाण्यासाठी बॅट उशिरा यावी लागते, किंवा बॅटरने ठरवून तसा फटका मारावा लागतो. दहा वर्षांच्या मुलांचा चेंडू मुळात इनफील्डच्या (बेसांच्या चौकोनाभोवतालच्या भागाच्या) पलीकडे क्वचितच जातो, आणि गेला तर बहुधा डावीकडे किंवा मधोमध जातो. त्यातच लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संघटनेच्या नियमांनुसार हजर असलेल्या प्रत्येक मुलाला किमान सहा बळी पडेपर्यंत क्षेत्ररक्षण आणि किमान एकदा बॅटिंग द्यावीच लागते. हा नियम मला मनापासून योग्य वाटतो. पण त्यामुळे प्रशिक्षकाला सगळ्या मुलांसाठी जागा शोधावी लागते, आणि नव्या मुलाला तो चेंडू सर्वांत कमी येईल तिथे उभा करतो. मीही तेच करत असे.

पुढे चित्र बदलते. माझ्या पाहण्यात अकराव्या-बाराव्या वर्षी काही पिचर (चेंडू टाकणारे) एकदम वेगवान होतात, उजव्या हाताच्या बॅटरांची बॅट मागे पडू लागते, आणि आदल्या वर्षी ज्या राइट फील्डरला कोणी विचारत नव्हते त्याच्या डोक्यावरून चेंडू जाऊ लागतात. तोपर्यंत ज्याला तिथे उभे राहून काही शिकवलेले नसते त्या मुलाची फार ओढाताण होते.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण माझ्या मते सारी गोम तिथेच आहे. राइट फील्डरचे अर्ध्याहून अधिक काम चेंडू त्याच्याकडे येत नसतानाचे असते. क्रिकेटमध्ये यष्टींकडे फेक येते तेव्हा ओव्हरथ्रो जाऊ नये म्हणून दुसरा क्षेत्ररक्षक मागे जाऊन उभा राहतो, ते तुम्हाला ठाऊकच आहे. बेसबॉलमध्ये इनफील्डमधल्या जवळजवळ प्रत्येक जमिनीलगतच्या चेंडूनंतर फर्स्ट बेसकडे फेक होते, आणि लहान मुलांच्या खेळात यातल्या कितीतरी फेकी फर्स्ट बेसमनच्या ग्लव्हपर्यंत पोहोचत नाहीत. त्या अडवायला राइट फील्डर धावत आलेला असला पाहिजे. चेंडू थर्ड बेसमनकडे गेला, शॉर्टस्टॉपकडे गेला, बंट (बॅट न फिरवता हलकेच ढकललेला फटका) झाला किंवा कॅचरने, म्हणजे बॅटरमागच्या यष्टिरक्षकासारख्या खेळाडूने, फर्स्ट बेसकडे फेक केली, तर राइट फील्डरने त्याच क्षणी फाउल रेषेकडे, म्हणजे मैदानाच्या बाजूच्या हद्दीकडे, धाव घ्यायची. त्याने बेसच्या सरळ मागे जाऊन थांबू नये. फेकणारा आणि बेस यांना जोडणारी रेषा मनात पुढे वाढवावी आणि त्या रेषेवर, बेसपासून बऱ्यापैकी मागे उभे राहावे, कारण फार जवळ गेले तर सुटलेला चेंडू त्यालाही चुकवून जातो. लेफ्ट फील्डच्या बाजूने सेकंड बेसकडे फेक येत असेल तर सेकंड बेसच्या मागे यायचे.

पुढच्या सामन्यात तुम्ही स्वतः मोजून पाहा. चेंडू त्याच्याकडे किती वेळा आला हे न मोजता, त्याने किती वेळा धावायला हवे होते ते मोजा. एका डावात चार-पाच वेळा तरी भरेल.

काटकोन

मैदानमित्र यांनी मुलांच्या खेळाचे चांगले विवेचन केले आहे. एकच जागा दोन टोकांची कशी, या मूळ प्रश्नाचे उत्तर मला भूमितीत सापडते, म्हणून थोडा हिशेब मांडतो.

होम प्लेटपासून निघणाऱ्या दोन फाउल रेषा एकमेकींशी काटकोन करतात. उजव्या रेषेवर ९० फुटांवर फर्स्ट बेस असतो आणि डाव्या रेषेवर ९० फुटांवर थर्ड बेस. आता अशी कल्पना करा की दोन्ही बाजूंच्या फील्डरांनी आपापल्या रेषेजवळ, होम प्लेटपासून २४० फुटांवर चेंडू उचलला. होमकडची फेक दोघांनाही सारखीच, २४० फुटांची. सेकंड बेस दोघांनाही सारख्याच अंतरावर. फरक पडतो तो केवळ थर्ड बेसच्या फेकीत. लेफ्ट फील्डरपासून थर्ड बेस १५० फुटांवर आहे. राइट फील्डरला मात्र काटकोन त्रिकोणाचा कर्ण पार करावा लागतो, आणि २४० व ९० यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले तर ते अंतर साधारण २५६ फूट येते. म्हणजे एकाला ४६ मीटर फेकायचे आणि दुसऱ्याला ७८ मीटर. फर्स्ट बेसची फेक राइट फील्डरला जवळ पडते हे खरे, परंतु धावण्याची दिशा घड्याळाच्या काट्यांच्या उलट असल्यामुळे पुढे सरकणारा रनर थर्ड बेसकडेच जात असतो, आणि म्हणून थर्डचे अंतर हीच या जागेची कसोटी ठरते.

व्यावसायिक संघ हे अंतर हेरूनच खेळतात. फर्स्ट बेसवर रनर असला की त्याला जखडून ठेवण्यासाठी फर्स्ट बेसमन बेसला चिकटून उभा राहतो, त्यामुळे फर्स्ट आणि सेकंड यांच्यामधली फट रुंदावते. त्या फटीतून बॅटरने चेंडू राइट फील्डकडे काढला की फर्स्टवरचा रनर सेकंडला न थांबता थेट थर्डकडे सुटतो. तेवढ्याच जोराचा फटका लेफ्ट फील्डकडे गेला तर तो बहुधा सेकंडलाच थांबेल, कारण थर्ड बेस लेफ्ट फील्डरच्या समोरच असतो. सेकंडवरचा रनरही राइट फील्डला उंच झेल गेला की झेलानंतर थर्डकडे निघतो. या साऱ्यांना रोखणारा हात एकच असतो.

११ एप्रिल २००१ रोजी ओकलंडच्या मैदानावर जे घडले ते चित्रीकरण मिळाल्यास मुलाला अवश्य दाखवा. सिअॅटल मरीनर्सकडून इचिरो सुझुकी नुकताच खेळू लागला होता. ओकलंडचा टेरेन्स लाँग फर्स्ट बेसवर होता, राइट फील्डला एकेरी फटका गेला, आणि लाँग अशा वेळी कोणताही चपळ रनर करील तेच करत थर्डकडे धावला. इचिरोने धावत येऊन चेंडू उचलला आणि एकही टप्पा न पडू देता थेट थर्ड बेसमनच्या ग्लव्हमध्ये पोहोचवला. लाँग बाद झाला. त्याच वर्षी इचिरो अमेरिकन लीगचा (व्यावसायिक बेसबॉलच्या दोन प्रमुख लीगांपैकी एकीचा) सर्वोत्तम नवोदित आणि सर्वांत मौल्यवान खेळाडू असा दोन्ही ठरला, आणि २००१ ते २०१० अशी सलग दहा वर्षे त्याला क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लव्ह पुरस्कार मिळाला. उजव्या बाजूकडच्या फेकीचे दुसरे उदाहरण १९७९ च्या ऑल-स्टार, म्हणजे निवडक खेळाडूंच्या, सामन्याचे आहे. तो सिअॅटलला झाला होता, आणि त्यात पिट्सबर्गच्या डेव्ह पार्करने राइट फील्डवरून एका रनरला थर्डला आणि दुसऱ्याला होमला बाद केले. सामन्याचा मानकरी म्हणून त्याची निवड झाली.

पण राइट फील्ड म्हटले की माझ्या मनात पहिले नाव येते ते रॉबर्टो क्लेमेंटे याचे. पोर्तो रिकोतल्या कॅरोलिना गावी १९३४ साली जन्मलेला हा खेळाडू १९५५ ते १९७२ पर्यंत पिट्सबर्ग पायरेट्सकडून खेळला. शाळेत असताना तो भालाफेक करत असे, आणि त्याच्या फेकीत ते दिसत होते असे त्याच्याविषयी लिहिणारे आवर्जून सांगतात. त्याला १२ गोल्ड ग्लव्ह मिळाले आणि आउटफील्डमधून (इनफील्डपलीकडच्या भागातून) बळी मिळवण्यात त्याने २६६ वेळा फेकीचा हातभार लावला. माझ्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट अशी की त्याच्या हाताच्या धाकाने जे रनर धावलेच नाहीत त्यांची नोंद कोणत्याही कोष्टकात होत नाही. राइट फील्डरचे खरे मोल अशा न घेतल्या गेलेल्या बेसांत असते. ३० सप्टेंबर १९७२ रोजी त्याने आपला ३०००वा हिट (बॅटरला बेसवर नेणारा यशस्वी फटका) मारला. त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी, निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेले त्याचे विमान समुद्रात कोसळले आणि तो गेला. पिट्सबर्गच्या आजच्या मैदानावर राइट फील्डची भिंत २१ फूट उंच आहे, ती त्याच्या २१ या क्रमांकाच्या स्मरणार्थ. जो प्रांत त्याने राखला त्याच प्रांतात त्याची आठवण उभी असावी, हे मला फार समर्पक वाटते.

दहावा_डाव

काटकोन यांचा हिशेब अचूक आहे आणि क्लेमेंटेविषयी माझ्या मनातही तेवढाच आदर आहे. तरीही एका बापाने प्रामाणिक उत्तर मागितले आहे, तेव्हा दुसरी बाजूही समोर यावी असे मला वाटते.

खेळाचे संख्याशास्त्रीय विश्लेषण करणारे प्रत्येक जागेला तिच्या अवघडपणानुसार एक भार देतात. फॅनग्राफ्स या संकेतस्थळाच्या पद्धतीत पूर्ण हंगामासाठी शॉर्टस्टॉपला साडेसात धावा अधिक, सेंटर फील्डरला अडीच धावा अधिक, तर राइट फील्डरच्या खात्यात साडेसात धावा वजा धरल्या जातात. लेफ्ट फील्डरच्याही तितक्याच वजा होतात. याचा अर्थ, राइट फील्ड सांभाळू शकणारे खेळाडू शॉर्टस्टॉप सांभाळू शकणाऱ्यांपेक्षा पुष्कळ अधिक आहेत, आणि म्हणून या जागेवरच्या खेळाडूकडून उत्तम बॅटिंगची अपेक्षा केली जाते. अमेरिकन लीगमधला एका हंगामातल्या होम रनचा (क्रिकेटच्या षटकारासारख्या, चेंडू मैदानापार नेणाऱ्या फटक्यांचा) विक्रम बेब रूथ याने १९२७ साली ६० वर नेला, रॉजर मॅरिसने १९६१ साली ६१ वर आणि आरॉन जजने २०२२ साली ६२ वर. तिघेही यँकीजचे, आणि तिघांचीही ओळख प्रामुख्याने राइट फील्डर अशीच आहे. ७५५ होम रन मारणारा हँक आरॉनही राइट फील्डरच होता. तेव्हा जज तिथे का उभा असतो याचे एक कारण त्याचा हात आहे, हे मान्य. परंतु त्याला संघात स्थान मिळते ते आधी त्याच्या बॅटमुळे. मुलाला केवळ फेकीचे स्वप्न दाखवू नका, बॅटिंगचा सरावही भरपूर करू द्या.

मात्र एका बाबतीत ही जागा अलीकडे पूर्वीपेक्षा गजबजली आहे, हे मी आनंदाने नोंदवतो. २०२२ पर्यंत डाव्या हाताच्या जोरकस बॅटरसमोर सेकंड बेसमनला थेट राइट फील्डच्या गवतात नेऊन उभे करण्याची रीत सर्रास होती, आणि उजवीकडे जाणारे कित्येक एकेरी फटके तोच गिळून टाकत असे. २०२३ पासून मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च व्यावसायिक स्तरावर, सेकंड बेसच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इनफील्डर आणि चौघांचेही पाय इनफील्डच्या हद्दीतच, असे बंधन आले. त्यामुळे ते फटके पुन्हा राइट फील्डरपर्यंत पोहोचू लागले, आणि फर्स्टवरून थर्डकडे धावण्याचा प्रसंगही त्याबरोबर वाढला. कायद्याने एका जागेचे काम तिला परत मिळवून दिले, असे मी म्हणेन.

रेषेकाठची

मी अमरावतीला शाळेत असताना चार वर्षे सॉफ्टबॉल खेळले आणि त्यातली तीन वर्षे राइट फील्डला होते. सॉफ्टबॉलचे मैदान लहान, बेसमधले अंतर ६० फुटांचे. तुमच्या मुलाच्या मैदानावरही ते बहुधा तेवढेच असेल, म्हणून माझा अनुभव त्याच्या कामी येईल असे वाटते.

लहान मैदानाचा राइट फील्डरला एक मोठा लाभ असतो, तो वरच्या चर्चेत आलेला नाही. बॅटरने फर्स्ट आणि सेकंडच्या मधून चेंडू काढला की त्याला वाटते, आपला एकेरी फटका झाला, आणि तो शेवटची पावले सैल टाकतो. राइट फील्डर जरा पुढे उभी असेल आणि चेंडूवर तुटून पडली, तर ती थेट फर्स्ट बेसला फेकून त्या बॅटरला बाद करू शकते. गुणलेखनात पिचरचा क्रमांक १ आणि राइट फील्डरचा ९ असतो, फर्स्ट बेसमनचा ३, म्हणून अशा बळीची नोंद '९-३' अशी होते. मेजर लीगमध्ये असा बळी क्वचितच दिसतो, पण आमच्या आंतरशालेय सामन्यांत मी स्वतः असे बळी मिळवलेले आहेत, आणि त्याचा आनंद झेलापेक्षा मोठा असतो हे मी आजही ठामपणे सांगेन.

दुसरी गोष्ट चेंडूच्या वळण्याची. उजव्या हाताच्या बॅटरचा उशिरा लागलेला चेंडू राइट फील्डकडे येताना फाउल रेषेकडे वळत जातो. डाव्या हाताच्या बॅटरने ओढून मारलेला चेंडूही रेषेकडेच वळतो. म्हणजे कोणाही बॅटरचा चेंडू असला तरी तो बहुधा तुमच्यापासून रेषेकडे पळतो, आणि नवशिक्या मुलीची पहिली पावले हमखास चुकतात, कारण ती चेंडू जिथे दिसतो तिथे धावते. आमच्या बाई आम्हाला पहिले पाऊल नेहमी मागे आणि रेषेच्या बाजूला टाकायला लावत. पुढे येणे सोपे असते, मागे जाणे अवघड.

तिसरी गोष्ट उन्हाची. बेसबॉलच्या नियमपुस्तकात अशी शिफारस आहे की होम प्लेटपासून सेकंड बेसकडे जाणारी रेषा पूर्व-ईशान्य दिशेला असावी, जेणेकरून मावळतीचे ऊन बॅटरच्या डोळ्यांवर येऊ नये. असे मैदान आखले तर राइट फील्डरचे तोंड वायव्येच्या अंगाने पश्चिमेकडे येते, आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी सूर्य नेमका तिथेच असतो. सगळी मैदाने अशी आखलेली नसतात. जुन्या यँकी स्टेडियममध्ये ऊन लेफ्ट फील्डरच्या डोळ्यांत जाई, आणि त्यामुळे बेब रूथ घरच्या सामन्यांत राइट फील्डला खेळत असे. तुमच्या मुलाला मैदानावर गेल्यावर सूर्य कुठे आहे ते आधी पाहायची सवय लावा, आणि ग्लव्ह कपाळासमोर धरून सूर्य झाकायला शिकवा.

आणि एक प्रश्न विचारायचा राहिला. तुमचा मुलगा कोणत्या हाताने फेकतो?

हडसनकाठ

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. इतक्या आस्थेने कोणी लिहील असे वाटले नव्हते. काटकोन यांचा त्रिकोण मी मुलाला कागदावर काढून दाखवला, तर त्याने आपल्या मैदानाची मापे घालून तो पुन्हा सोडवला: बेस ६० फुटांवर आणि चेंडू रेषेजवळ १३० फुटांवर धरला तर त्याच्या जागेवरून थर्ड बेस १४३ फूट, आणि लेफ्ट फील्डवरून फक्त ७०. "म्हणजे माझी फेक दुप्पट लांब आहे," असे तो दोनदा म्हणाला.

ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर: तो डावखुरा आहे. लिहितो, जेवतो आणि फेकतोही डाव्या हाताने. याचा काही संबंध असू शकतो का?

रेषेकाठची

असू शकतो, आणि म्हणूनच विचारले. सेकंड, शॉर्टस्टॉप आणि थर्ड या जागांवरून बहुतेक फेका फर्स्ट बेसकडे करायच्या असतात. फर्स्ट बेस त्या खेळाडूंच्या डाव्या हाताला असतो. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा डावा खांदा आपोआप तिकडे वळलेला असतो. डावखुऱ्याला मात्र चेंडू उचलल्यावर संपूर्ण अंग फिरवावे लागते, आणि तेवढ्यात रनर बेसवर पोहोचतो. म्हणून डावखुऱ्यांना बहुधा पिचर, फर्स्ट बेस आणि आउटफील्ड याच जागा मिळतात. तुमच्या मुलाला इनफील्डमध्ये न घेण्यामागे हे कारणही असू शकते, आणि त्याचा त्याच्या कच्चेपणाशी संबंध नाही.

उलट रेषेजवळच्या चेंडूला डावखुऱ्या राइट फील्डरला एक सोय होते. होमकडे तोंड केले की फाउल रेषा त्याच्या डाव्या हाताला असते. उजव्या हाताने फेकणारा रेषेकडे धावत जाऊन चेंडू उचलतो, तेव्हा सेकंड बेस त्याच्या उजव्या अंगाला राहतो आणि फेकण्यापूर्वी त्याला पूर्ण वळावे लागते. डावखुऱ्याला ग्लव्ह आडवा नेऊन चेंडू घ्यावा लागतो हे खरे, परंतु डावा पाय रोवला की त्याचा उजवा खांदा सेकंड बेसकडेच रोखलेला असतो. बेब रूथ डाव्या हाताने फेकत असे. सॅन दिएगोचा टोनी ग्विनही डावखुरा होता आणि आउटफील्डमध्ये त्याने पाच गोल्ड ग्लव्ह मिळवले. प्रशिक्षकांना भेटायचे झाल्यास जागा बदलून मागण्याऐवजी, "तो डावखुरा आहे, त्याला कधी फर्स्ट बेसलाही उभे करून पाहता येईल का," एवढेच विचारा.

हडसनकाठ

दोन आठवड्यांनी लिहीत आहे. प्रशिक्षकांशी बोललो. त्यांनी मोकळेपणाने सांगितले की दोन्ही कारणे होती: तो नवा आहे म्हणूनही आणि डावखुरा आहे म्हणूनही. पुढच्या सरावात त्याला फर्स्ट बेसवर उभे करून पाहतो असे ते म्हणाले आणि त्यांनी तसे केलेही.

परंतु कालच्या सामन्यात तो पुन्हा राइट फील्डला होता, आणि या वेळी मी मैदानमित्र यांनी सांगितल्याप्रमाणे तो किती वेळा धावतो ते मोजत बसलो. तीन डावांत तो अकरा वेळा फर्स्ट बेसच्या मागे धावत आला. दहा वेळा चेंडू त्याच्यापर्यंत आलाच नाही. अकराव्या वेळी शॉर्टस्टॉपची फेक फर्स्ट बेसमनच्या डोक्यावरून गेली आणि हा नेमका मागे उभा होता. चेंडू अडवला, उचलला, आणि मग मात्र गोंधळून हातात धरून उभा राहिला. रनर सेकंडकडे निघाला होता, पण चेंडू अडलेला पाहून परत फिरला. अशा वेळी पुढची फेक त्याने कुठे करायला हवी होती, फर्स्ट बेसला की सेकंडला?

मैदानमित्र

अकरा वेळा धावला, हे वाचून फार बरे वाटले. फेक सेकंडला. फर्स्ट बेस बॅटरने आधीच ओलांडलेला असतो, आता तो घेऊ पाहतो तो पुढचा बेस, म्हणून चेंडू उचलता उचलताच नजर सेकंड बेसवर हवी. रनर निघाला असेल तर तिथे बेसवर जो कोणी आला असेल त्याच्या छातीच्या उंचीवर फेकायचे. तो परत फिरला असेल तर हवेत उंच फेक न करता, चेंडू हातात घेऊन धावत इनफील्डमध्ये यायचे आणि जवळच्या इनफील्डरला द्यायचा. त्याआधी सेकंडवर किंवा थर्डवर दुसरा रनर असेल तर हिशेब बदलतो, म्हणून पिचरने चेंडू टाकण्यापूर्वी प्रत्येक वेळी बेसवर कोण कोण आहे हे त्याने स्वतःशी मोठ्याने म्हणावे. डावखुऱ्यासाठी एक गोष्ट वेगळी सांगतो: फर्स्ट बेसच्या मागे फाउल बाजूला उभा असताना फर्स्ट बेसमन किंवा बॅटर त्याच्या फेकीच्या आड येऊ शकतो, तेव्हा चेंडू उचलल्यावर दोन पावले आतल्या बाजूला टाकून सेकंड बेस स्वच्छ दिसेल असे पाहावे आणि मग फेकावे. याचा सराव घराच्या अंगणात दोन बुटांचे बेस मांडूनही करता येतो.